कुरणातील निळी अळंबी : ओळख आणि सावधगिरी

पावसाळ्यात माळावर व कुरणांत नाना प्रकारच्या अळंब्या उगवतात. त्यांत एखादे वेळी गडद निळ्या रंगाची, नाण्याएवढी लहान छत्री दृष्टीस पडते. मुलांना तिचे विशेष आकर्षण वाटते. म्हणून तिची ओळख करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

गवतात उगवणारी अशी निळी अळंबी बहुधा एन्टोलोमा या प्रजातीतील असते. या प्रजातीतील अनेक जातींची नोंद केरळातही झालेली आहे. तिची छत्री साधारणतः १ ते ४ सेंटीमीटर रुंद व मध्यभागी किंचित खोलगट असून देठ बारीक असतो. छत्रीखालचे पातळ पापुद्रे प्रथम पांढुरके वा निळसर असतात. पुढे बीजुके पक्व झाली की ते गुलाबी होतात. छत्री कापून पांढऱ्या कागदावर उपडी ठेवावी व वर वाटी झाकावी. सकाळी कागदावर गुलाबी ठसा उमटलेला दिसतो.

शेणावर वा शेणखताच्या गवतात उगवणारी सिलोसायबी मात्र निराळी. ती मुळात निळी नसते. दाबल्यावर निळी पडते आणि खाल्ल्यास भ्रम निर्माण करते.

एन्टोलोमाच्या काही जातींनी तीव्र उलट्या व जुलाब होतात. तथापि रंग किंवा ठसा यांवरून कोणतीही अळंबी खाण्यायोग्य ठरत नाही. चांदीचे नाणे काळे पडणे, किडीने खाल्लेले असणे, या समजुतींनाही आधार नाही. सर्वांत घातक अळंब्यांचे विष शिजवूनही नष्ट होत नाही. त्याची लक्षणे बहुधा ६ ते २४ तासांनी दिसतात. मग रुग्णास बरे वाटू लागते आणि त्याच सुमारास यकृताची हानी होत असते. लक्षणे उशिरा दिसली तर धोका अधिक समजावा.

म्हणून आमची कळकळीची विनंती अशी : अनोळखी अळंबी खाल्ली गेल्यास लक्षणांची वाट पाहू नये. घरी उलटी करवू नये. उरलेली अळंबी देठाच्या बुडासह कागदात गुंडाळावी, शिजवलेले अन्नही सोबत घ्यावे, खाल्ल्याची वेळ लिहून ठेवावी आणि रुग्णास तत्काळ रुग्णालयात आणावे. ज्यांनी ज्यांनी तीच भाजी खाल्ली असेल, त्या सर्वांना बरोबर आणावे. वेळेवर आणलेली ती कागदाची पुडी डॉक्टरांच्या हाती मोलाचा पुरावा देते.