आकडा बाहेरचा, दुखणं आतलं

जुना व्हिडिओ गेम नव्या टीव्हीला जोडायचा म्हटलं, की बहुतेक जण एव्ही-टू-एचडीएमआयची डबी आणतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ती काही शे रुपयांत मिळते आणि तिच्यावर ठळक अक्षरांत '१०८०पी' छापलेलं असतं. घरी आणून जोडली की चित्र दिसतं खरं, पण गढूळ आणि आडवं ताणलेलं. बटण दाबल्यावर गेममधला गडी उडी मारतो, तीही किंचित उशिरा. मग कुणी म्हणतं, स्वस्तातलं घेतलं की असंच व्हायचं. कुणी म्हणतं, जुने गेम मुळात असेच दिसायचे. मला ही दोन्ही निदानं चुकीची वाटतात. स्वस्त स्केलर, म्हणजे चित्र मोठं करणारी अशी डबी, घेण्यात वावगं काहीच नाही. फसगत होते ती डबीवरचा आकडा वाचून खरेदी केल्यामुळे. तो आकडा डबीतून बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा असतो. जुन्या गेमचं दुखणं मात्र आत शिरणाऱ्या सिग्नलमध्ये असतं, आणि त्याचं डबी काय करते याबद्दल खोक्यावर अवाक्षर नसतं.

हे दुखणं नीट समजून घ्यायला हवं. जुन्या काचनळीच्या टीव्हीसाठी येणारं प्रक्षेपण 'इंटरलेस्ड' असायचं. चित्राच्या विषम क्रमांकाच्या ओळी एका फेरीत आणि सम क्रमांकाच्या पुढच्या फेरीत उमटायच्या. निन्टेंडोचा फॅमिकॉम १९८३ मध्ये आला, सेगाचा मेगा ड्राइव्ह १९८८ मध्ये आणि सुपर फॅमिकॉम १९९० मध्ये. या यंत्रांच्या अभियंत्यांनी एक युक्ती केली. सिग्नलच्या वेळेत थोडा फरक करून त्यांनी प्रत्येक फेरीच्या ओळी त्याच जागी उमटवल्या. त्यामुळे ओळी निम्म्या झाल्या, पण सेकंदाला साठ अखंड चित्रं मिळाली आणि थरथर गेली. यालाच २४०पी म्हणतात. आपल्याकडच्या पाल पद्धतीत हीच गोष्ट सेकंदाला पन्नास चित्रांच्या हिशेबाने चालते. काचनळीला या युक्तीशी काही देणंघेणं नव्हतं. जशा ओळी येतील तशा ती उमटवत असे. आजचा टीव्ही आणि स्वस्त डबी मात्र हा सिग्नल इंटरलेस्डच आहे असं धरून चालतात. दोन वेगळी, पूर्ण चित्रं ही एकाच चित्राची दोन अर्धुकं आहेत असं समजून ती एकमेकांत विणतात. कडा दातेरी होतात त्या इथेच. १०८०पीचा आकडा त्यानंतर येतो. म्हणजे आधी चित्र बिघडवायचं आणि मग ते बिघडलेलं चित्र मोठं करून दाखवायचं!

याचा पुरावा घरबसल्या पाहता येतो. आर्तेमिओ उर्बिना यांनी तयार केलेला '२४०पी टेस्ट सूट' अनेक जुन्या यंत्रांवर फुकट चालतो. त्यात सावलीची एक चाचणी आहे. पडद्यावर एक सावली फिरते, ती फक्त एकाआड एक चित्रात काढलेली असते. काचनळीवर ती झपाझप लुकलुकते आणि डोळ्याला अर्धपारदर्शक वाटते. जी डबी २४०पीला इंटरलेस्ड समजते तिच्यावर या सावलीचे आडवे पट्टे होतात, नाहीतर ती अजिबात दिसेनाशी होते. त्या काळच्या कितीतरी गेममध्ये मार बसलेलं पात्र असंच लुकलुकवलेलं असतं. चुकीच्या डबीवर ते पात्र चक्क गायब होऊ शकतं. तेव्हा हा प्रश्न चोखंदळपणाचा राहत नाही, गेम खेळता येण्या-न येण्याचा होतो.

उशिराचंही तसंच. सेकंदाला साठ चित्रं म्हणजे एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद पडद्यावर असतं, पन्नास असतील तर २०. ओळी विणणारी डबी एक-दोन चित्रं साठवल्याशिवाय काम करू शकत नाही आणि त्यानंतर टीव्ही स्वतःची रंगसफेदी वेगळी करतो. सिनेमा पाहताना हे जाणवत नाही, कारण सिनेमाला आपण बटण दाबून उत्तर देत नसतो. खेळताना जाणवतं. म्हणून कुठलीही डबी घेण्याआधी टीव्हीचा 'गेम मोड' चालू करावा आणि चित्राचा आकार ४:३ वर आणावा. या दोन गोष्टींना दमडीही लागत नाही.

पैसे खर्च करायचे ते या क्रमाने: आधी यंत्रातून निघणारा सिग्नल, मग २४०पी ओळखणारी डबी, आणि रिझोल्यूशन सगळ्यात शेवटी. पिवळ्या पिनेच्या कंपोझिट तारेत उजेड आणि रंग एकाच वाटेने जातात आणि वाटेत एकमेकांत मिसळतात. ते नंतर पूर्णपणे वेगळे काढणं महागड्या स्केलरलाही जमत नाही. मेगा ड्राइव्ह, सुपर फॅमिकॉम आणि पहिलं प्लेस्टेशन यांच्या मागच्या पोर्टमधून आरजीबी (लाल, हिरवा आणि निळा रंग वेगवेगळ्या वाटांनी) निघतं. प्लेस्टेशन २ आरजीबीबरोबर उजेड आणि रंग वेगळे ठेवणारं कंपोनंटही देतं. या यंत्रांना चांगली तार हाच पहिला खर्च. फॅमिकॉमची गोष्ट निराळी. त्याची चित्र काढणारी चिप मुळातच कंपोझिट तयार करते, त्यामुळे यंत्र उघडून बदल केल्याशिवाय आरजीबी मिळत नाही. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी पोहोचल्या त्या फॅमिकॉमच्या नकला. त्यांच्या मालकांनी आरजीबीचा स्केलर घेतला तर तो शोभेला राहील.

आता डब्यांकडे वळू. जीबीएस-८२०० हा मूळचा आर्केड यंत्रांसाठी निघालेला स्वस्त बोर्ड. त्याच्या मूळ अवस्थेत तो २४०पी नीट हाताळत नाही. पण 'जीबीएस-कंट्रोल' हे मुक्त सॉफ्टवेअर आणि एक छोटा ईएसपी८२६६ बोर्ड जोडला की त्याच चिपकडून फार सरस काम करून घेता येतं. हा आरजीबी आणि कंपोनंट घेतो, कंपोझिट घेत नाही. ओएसएससी हा खुल्या आराखड्याचा स्केलर चित्र साठवतच नाही. आलेली प्रत्येक ओळ तो लगेच दोन, तीन किंवा अधिक वेळा पुढे पाठवतो, त्यामुळे उशीर जवळपास शून्य. पण कंपोझिट तोही घेत नाही, आणि खरोखरचा इंटरलेस्ड सिग्नल आला की त्याचं चित्र थरथरतं. प्लेस्टेशन २चे बरेचसे गेम इंटरलेस्डच असल्याने तिथे जीबीएस-कंट्रोल उजवा ठरतो. कंपोझिटवाल्यांसाठी रेट्रोटिंक २एक्ससारखी डबी योग्य. ती फक्त ४८०पी देते आणि तरीही १०८०पी लिहिलेल्या स्वस्त डबीपेक्षा चांगलं दाखवते, कारण ती आत येणारा २४०पी ओळखते. प्लेस्टेशन २च्या मागे थेट खोचायची एचडीएमआय कांडी स्केलर नाहीच. ती आलेला सिग्नल फक्त डिजिटल करून पुढे ढकलते आणि पुढचं सगळं टीव्हीच्या भरवशावर सोडते.

यावर काही आक्षेप येतात आणि ते रास्त आहेत. पहिला असा, की हे सगळं करण्यापेक्षा भंगारातला काचनळीचा टीव्ही आणावा. जागा आणि दुरुस्ती करणारा मिळत असेल तर जरूर आणावा, त्याला तोड नाही. बंदुकीने बदकं मारायच्या गेमला तर तोच लागतो. ती बंदूक काचनळीवर त्याच क्षणी उमटणारा उजेड टिपते आणि एलसीडीवर तो वेळेत पोहोचत नाही. कुठलाही स्केलर यावर उपाय नाही. पण जुन्या नळ्या झिजत चालल्या आहेत, म्हणून तो सर्वांसाठीचा सल्ला होऊ शकत नाही. दुसरा आक्षेप इम्युलेटरचा. फक्त गेम खेळायचा असेल तर तो पुरेसा आहे, हे मी मान्य करतो. हा लेख कपाटातलं यंत्र आणि काडतुसं वापरात ठेवू पाहणाऱ्यांसाठी आहे. तिसरा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: चित्र जितकं लख्ख, तितकं ते मूळ गेमपासून दूर. यात तथ्य आहे. १९९१च्या 'सॉनिक द हेजहॉग'मधला धबधबा उभ्या पट्ट्यांनी काढलेला आहे. कंपोझिटच्या धुरकटपणात त्या रेघा मिसळून पाणी पारदर्शक दिसायचं, आरजीबीत नुसत्या रेघा दिसतात. पण हा आक्षेप माझ्या मुद्द्याला बळच देतो. धुरकट हवं की लख्ख, ही आवड आहे. सावली गायब होणं आणि उडी उशिरा पडणं हा बिघाड आहे. स्केलरकडून अपेक्षा बिघाड टाळण्याची ठेवावी, आवड ज्याची त्याने ठरवावी.

विजेचीही खबरदारी घ्यावी. यातल्या बहुतेक डब्या ५ व्होल्टवर चालतात. जुन्या फॅमिकॉम आणि पहिल्या मेगा ड्राइव्हच्या अडॅप्टरची पिन दिसायला तशीच, पण व्होल्टेज जास्त आणि ध्रुव उलटे. घाईत अडॅप्टरची अदलाबदल झाली तर डबी जळालीच म्हणून समजा. जपानहून आणलेल्या यंत्राचा अडॅप्टर १०० व्होल्टचा असतो, तो आपल्या २३० व्होल्टच्या भिंतीत थेट खोचू नये. प्रत्येक अडॅप्टरला यंत्राच्या नावाची चिठ्ठी चिकटवून ठेवावी.

तेव्हा दुकानदाराला 'ही १०८०पी देते का?' असं विचारू नका. आपल्या यंत्रातून कोणता सिग्नल निघतो हे आधी घरीच पाहून जा आणि मग दोनच प्रश्न विचारा: ही माझी तार घेते का, आणि ही २४०पीला २४०पी म्हणूनच ओळखते का? उत्तर गुळमुळीत आलं, तर डबी कितीही स्वस्त असो, ती महागच पडेल.