‘अजून दहा’ म्हणणाऱ्यांसाठी आणि ऐकणाऱ्यांसाठी

मी जिममधल्या ट्रेनरला आधीच सांगितलं होतं. पूर्वी मी नियमित धावायचे, ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनमध्येही उतरले होते, पण वडिलांच्या आजारपणात सगळं सुटलं, तेव्हा हळूहळू वाढवूया. जिमच्या फॉर्मवर हे माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. सुरुवातीलाच सांगते, कारण नंतर तिथल्या प्रत्येकाने मलाच विचारलं, ‘मॅडम, तुम्ही बोलला का नाहीत?’

त्या दिवशी पायांचा व्यायाम होता. जड वजन कुठेच नव्हतं. आधी बैठका, मग लंजेस, मग उंच स्टेपवरून एकेका पायाने सावकाश खाली उतरणं, आणि शेवटी सगळ्या बॅचला स्क्वॉट्सचं चॅलेंज. मे महिना, संध्याकाळची भरलेली बॅच, दमट हवेत घाम अंगावरून हलत नव्हता. मांड्या थरथरायला लागल्या तशी मी थांबले. ट्रेनर माझ्या मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवून सगळ्यांसमोर म्हणाला, ‘ठोके एकशे चाळीससुद्धा नाहीत मॅडम. हे सगळं डोक्यात असतं. तालमीत पोरं पाचशे-पाचशे बैठका घालतात. चला, अजून दहा.’ ते झाल्यावर पुन्हा अजून दहा.

दुसऱ्या दिवशी डोंबिवली स्टेशनचा पूल कठडा धरून चढले, पण उतरताना पाय टाकला की गुडघाच दुमडायचा. मागून गर्दी ‘चला, पुढे चला’ करत होती. संध्याकाळी ट्रेनरला मेसेज केला. उत्तर आलं, ‘लॅक्टिक अ‍ॅसिड आहे, दुखतंय म्हणजे लागलंय. एक पेनकिलर घ्या, उद्या या.’ सोबत अंगठा.

गोळी मी घेतली नाही. त्याच्या एका मेसेजवर कुठलंही औषध घ्यायला मन तयार होईना, आणि आज वाटतं, तेवढ्याने मी वाचले.

खरं कळलं ते त्यानंतरच्या पहाटे. बाथरूममध्ये गेले आणि लघवीचा रंग पाहून जागीच उभी राहिले. दूध न घातलेल्या चहासारखी होती. आधी वाटलं, अंधुक दिव्यामुळे दिसतंय. मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं, रंग तोच. मांड्या सुजून पायजमा घट्ट झाला होता, कमोडवरून उठायला भिंतीचा आधार लागला. त्या क्षणी भीतीच्याही आधी त्या ट्रेनर मुलाचे शब्द आठवले, ‘हे सगळं डोक्यात असतं’, आणि राग आला.

दवाखान्यात लघवीच्या पट्टीवर रक्त दाखवत होतं, पण सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी जवळजवळ नव्हत्या. डॉक्टरांनी लगेच विचारलं, ‘नुकताच काही जोराचा व्यायाम केलात?’ रक्तातलं सीपीके, म्हणजे स्नायूंमधलं एक विकर, साधारणपणे दोनशेच्या आसपास असतं, माझं चाळीस हजारांच्या पुढे गेलं होतं. या आजाराला ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणतात. स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांच्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडाला इजा करतं. पोटॅशियमही वाढतं, ते हृदयाला घातक. १९४१ मध्ये लंडनमध्ये बॉम्बहल्ल्यात ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेली माणसं पुढे मूत्रपिंडं बंद पडून दगावली, तेव्हा बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी हे नीट टिपलं. ढिगाऱ्याखाली जे होतं तेच जिममध्येही होऊ शकतं, हे मला सलाइन लावून पडल्यावर कळलं. डायलिसिसची वेळ आली नाही. सर्वांच्याच वाट्याला एवढं नशीब येत नाही.

तो मुलगा एकदाही भेटायला आला नाही. मालकाने फोनवर फॉर्मची शेवटची ओळ वाचून दाखवली, ‘व्यायाम स्वतःच्या जबाबदारीवर.’ त्याच फॉर्मवर वर मी काय लिहिलं आहे, ते वाचायला सांगितलं तर म्हणाला, ‘बाकी बॅचला तर काही झालं नाही.’ बाकी बॅच रोज येत होती, माझा तो पहिला आठवडा होता. वार्षिक पॅकेजचे पैसे मागितले तर ‘ट्रान्सफर करून घ्या, मैत्रिणीला द्या.’ हे असं झालेल्या जागी मी मैत्रिणीला पाठवू?

आता मुद्द्याचं. आपण किती ताकद लावतोय हे ओळखायला तीन वेगवेगळी मापं लागतात, आणि त्या मुलाने एकच धरलं. ठोके हृदयाचा आणि दमाचा ताण दाखवतात. २२० वजा वय हे सूत्र सरासरी आहे. एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, आणि रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर घेणाऱ्याच्या बाबतीत तर ते निकामीच. त्यापेक्षा बोलून पाहा. चालताना किंवा सायकलवर पूर्ण वाक्य बोलता येतं पण गाता येत नाही, तो मध्यम जोर. दोन-चार शब्दांतच श्वास लागला तर जोर जास्त. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांनी तर ‘तुम्हाला स्वतःला किती कष्टाचं वाटतंय’ यालाच ६ ते २० असे आकडे दिले आणि ते माप जगभर वापरलं जातं. म्हणजे माणसाला जे जाणवतं त्याला शास्त्रात किंमत आहे. जिममध्ये ते ‘डोक्यात असतं’!

दुसरं माप स्नायूंचं. सेट थांबवताना आणखी किती वेळा नीट जमलं असतं, हे मनात मोजायचं. सुरुवातीला तीन-चार शिल्लक असतानाच थांबायचं. थरथर सुरू झाली, पाठ वाकायला लागली, की शिल्लक संपली.

तिसरं माप घड्याळ दाखवत नाही, आरसाही दाखवत नाही: गेल्या काही आठवड्यांत या स्नायूंनी हेच काम किती केलंय. खाली उतरण्याच्या, ताणाखाली स्नायू लांबत जाण्याच्या हालचालीत स्नायूला सर्वांत जास्त इजा होते, पण दम मात्र कमी लागतो. म्हणूनच ठोके कमी दिसतात. तीच हालचाल थोड्या प्रमाणात आधी केलेली असेल तर स्नायू पुढच्या वेळी बराच सावरून घेतो. खंड पडला की ते कवच जातं. जुनी जिद्द आणि तंत्र मात्र टिकून असतं. त्यामुळे कधीकाळी तयार असलेला माणूसही यात सहज सापडतो. तालमीतला वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी पाचशे सांगत नाही, थोडक्यापासून महिनोन्महिने चढवत नेतो. तालमीचा दाखला द्यायचा तर पूर्ण द्यावा.

लॅक्टिक अ‍ॅसिडचं म्हणाल तर व्यायाम संपल्यावर ते तास-दोन तासांत निघून जातं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं दुखणं स्नायूच्या बारीक इजेचं असतं आणि त्यानंतर ते दिवसागणिक उतरायला हवं. ते वाढतंय, सूज आहे, हातपाय दुमडत किंवा सरळ होत नाहीत, लघवी गडद आहे, यातलं एक जरी दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि सीपीके, क्रिएटिनिन तपासायला सांगा. ही सगळी लक्षणं एकत्र येतीलच असं नाही. लघवी नंतर स्वच्छ दिसली म्हणून घरी बसू नका, रंग आधी जातो आणि सीपीके मागे राहतं. सुजलेला भाग दगडासारखा कडक होऊन बधिर पडला तर थेट इस्पितळ गाठा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या अशा वेळी मूत्रपिंडाला आणखी त्रास देतात. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन चालू असेल, नुकताच ताप येऊन गेला असेल, तर ट्रेनरच्या आधी डॉक्टरांशी बोला.

छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी, यात तर सेट पूर्ण करण्याचा प्रश्नच नाही. बाकी पाणी प्या, झोप घ्या, हे सगळे सांगतातच.

जिम निवडताना यंत्रं बघू नका. आत शिरताना आजारपणाचे, औषधांचे प्रश्न विचारतात का, आणि दिलेली उत्तरं पुढे कोणी वाचतं का, ते बघा. ट्रेनर तुमचा रोजचा आकडा लिहून ठेवतो का? नव्या माणसाला वेगळं काम देतो का? आणि ‘नको’ म्हणणाऱ्याला बॅचसमोर लाजवणारा ट्रेनर दिसला की पैसे भरायच्या आधीच जिना उतरा.

आणि कागद ठेवा. भरलेल्या फॉर्मचा फोटो, पावती, ट्रेनरचे मेसेज, डिस्चार्ज कार्ड. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही. माझा अर्ज लिहून झाला आहे. त्या अंगठ्याचा स्क्रीनशॉट पहिल्या पानालाच जोडलाय.