मुक्या जनावरांवरील प्रयोग : आपली श्रद्धा काय सांगते?



पावसाळ्यापूर्वी युवकांच्या सभेत आरोग्याविषयी बोलणे चालले होते. सर्पदंशाचा विषय निघाला तेव्हा विज्ञान शाखेत शिकणाऱ्या एका मुलीने विचारले, "सर्पदंशाची लस घोड्याला विष टोचून बनवतात. आपण संत फ्रान्सिसचा सण साजरा करतो, प्राणी ही देवाची निर्मिती आहे असे शिकवतो. मग जनावराला त्रास देऊन बनवलेले औषध आपल्याला चालते कसे?" प्रश्न रास्त होता. त्या दिवशी वेळ संपल्यामुळे उत्तर राहून गेले. ते आज देत आहे.

आपल्या घोलवड, डहाणू, तलासरी भागात हा प्रश्न पुस्तकातला नाही. चिकूच्या वाडीत काम करणारा, भाताच्या खाचरात उतरणारा, गवत कापणारा माणूस रोज सापाच्या वाटेवरून चालतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे ही चार नावे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतात. मण्यार तर रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा त्याला कळतही नाही. डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयातील सर्पदंशाच्या नोंदींचा अभ्यास मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केला आणि तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. देशाचा विचार केला तर २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे मेली असा अंदाज आहे. यांत बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी माणसे.

या विषावर एकच खात्रीचे औषध आहे. आपण त्याला लस म्हणतो, पण पोलिओच्या लशीसारखी ती आधी टोचून ठेवता येत नाही. ती बनते अशी : वर सांगितलेल्या चार सापांचे विष अगदी थोड्या प्रमाणात घोड्याला टोचतात. हळूहळू प्रमाण वाढवत नेतात. घोड्याच्या रक्तात विषाशी लढणारी प्रतिद्रव्ये तयार होतात. मग त्याचे ठरावीक रक्त काढून त्यातील पिवळसर द्रव वेगळा करतात, तो शुद्ध करतात आणि सुकवून कुपीत भरतात. एवढ्यावर संपत नाही. औषधाचा जोर तपासण्यासाठी विष आणि औषध एकत्र करून उंदरांना टोचतात व किती उंदीर वाचतात ते मोजतात. आपल्याकडच्या प्रमाणानुसार एक मिलिलिटर औषधाने नागाचे किंवा घोणसाचे ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यारीचे किंवा फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ झाले पाहिजे. हा आकडा ज्या कुपीवर छापलेला असतो, तिच्यामागे घोडाही आहे आणि उंदीरही.

महाराष्ट्रात हे काम परळच्या हाफकिन संस्थेने सुरू केले आणि पुढे पिंपरीला घोडे पाळून ते अनेक वर्षे चालले. परळची ती वास्तू पुष्कळांनी बसमधून पाहिली असेल. पोर्तुगीज काळात तेथे जेज्वीट धर्मगुरूंचा मठ व प्रार्थनामंदिर होते. नंतर ते इंग्रज गव्हर्नरचे निवासस्थान झाले आणि १८९९ साली तेथे प्लेगची प्रयोगशाळा आली.

त्या प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. हाफकिन यांची हकिकत आपल्या प्रश्नाशी जोडलेली आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. हाफकिन यांनी लस तयार केली, ती आधी सशांवर तपासली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्यानंतर ती भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांना देण्यात आली. ते स्वेच्छेने पुढे आले असे नोंदवलेले आहे; तुरुंगातील माणसाची स्वेच्छा किती मोकळी असते, हा प्रश्न मला नेहमी पडतो. ससे नसते तर पहिली सुई कोणाच्या दंडात गेली असती? बहुधा ज्यांना नाही म्हणता येत नाही अशांच्या. दुसऱ्या महायुद्धात छळछावण्यांतील बंदिवानांवर डॉक्टरांनी काय केले ते जगाने पाहिले. त्या खटल्यानंतर १९४७ साली न्युरेम्बर्ग येथे जे नियम सांगितले गेले, त्यांत माणसावर प्रयोग करण्यापूर्वी प्राण्यांवरील प्रयोगांचा आधार असावा असे म्हटले आहे. गरिबाचे संरक्षण हे त्यामागचे एक कारण होते. प्राण्यांवरचे सगळे प्रयोग आजच बंद करा असे म्हणणाऱ्यांनी याचेही उत्तर द्यायला हवे.

ख्रिस्तसभेची शिकवण याच वळणाची आहे. पोप संत जॉन पॉल दुसरे यांनी १९९२ साली दिलेल्या धर्मशिक्षण ग्रंथात क्रमांक २४१५ ते २४१८ हे परिच्छेद प्राण्यांविषयी आहेत. त्यांचा आशय असा : प्राणी ही देवाची निर्मिती आहे, देव त्यांची काळजी घेतो, म्हणून माणसाने त्यांच्याशी ममतेने वागावे. माणसांचे प्राण वाचवण्यासाठी किंवा त्यांच्या उपचारासाठी, वाजवी मर्यादेत, प्राण्यांवर वैद्यकीय प्रयोग करणे नीतीला धरून आहे. पण गरज नसताना त्यांना यातना देणे किंवा मारणे हे माणसाच्या प्रतिष्ठेलाच बाधक आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हाच मुद्दा पुन्हा मांडला.

म्हणजे परवानगी आहे, आणि तिला अट आहे. आपण सहसा परवानगी लक्षात ठेवतो व अट विसरतो. बायबलची नजर मात्र अटीवर असते. शब्बाथाची विश्रांती बैलाला आणि गाढवालाही द्या, असे निर्गमच्या पुस्तकात सांगितले आहे. मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नये, हा अनुवादमधला नियम आपल्या शेतकऱ्यांना समजावून सांगावा लागत नाही. विहिरीत पडलेला बैल शब्बाथ दिवशीही बाहेर काढाल ना, असे प्रभू येशूने विचारले तेव्हा ऐकणाऱ्यांना उत्तर देता आले नाही. जे जनावर आपल्यासाठी राबते, त्याला खाणे, विसावा आणि आजारात उपचार मिळालेच पाहिजेत. लशीचा घोडा हाही राबणारा प्राणीच आहे.

आपल्या देशाचा कायदा या बाबतीत फारसा वेगळा नाही. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत हा विषय लावून धरला आणि १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. जीव वाचवणे, दुःख कमी करणे किंवा नवे ज्ञान मिळवणे यांसाठी प्रयोगास या कायद्याने मोकळीक दिली. मात्र अनावश्यक वेदना टाळाव्यात आणि केवळ हात बसावा म्हणून प्रयोग करू नयेत असेही सांगितले. देखरेखीसाठी केंद्रीय समिती आहे. १९९८ च्या नियमांनुसार प्रत्येक प्रयोगशाळेची नोंदणी व्हावी लागते आणि तेथे एक नीतिसमिती असावी लागते. तिच्यात पशुवैद्य असतो, बाहेरचा शास्त्रज्ञ असतो, केंद्रीय समितीचा प्रतिनिधी असतो आणि शास्त्रज्ञ नसलेला एक समाजाभिमुख नागरिकही असतो. हे शेवटचे मला विशेष वाटते. आपल्यातील एखादी शिक्षिका किंवा निवृत्त कर्मचारी त्या जागी बसून विचारू शकते की याला उंदीरच का लागतात, आणि इतके का? कुत्रा किंवा माकड हवे असेल तर केंद्रीय समितीची परवानगी लागते. २०२० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने कोव्हॅक्सिनची चाचणी २० माकडांवर केली. आपल्यापैकी ज्यांनी ती लस घेतली, त्यांनी त्या माकडांचेही काही घेतले आहे.

दुसऱ्या बाजूला, जेथे जीव वाचवण्याचा प्रश्न नाही तेथे कायद्याने दार बंद केले. साबण, पावडर, लिपस्टिक अशा सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करण्यास भारतात २०१४ पासून बंदी आहे. लिपस्टिक आणि सर्पदंशाची लस यांतला हा फरक धर्मशिक्षण ग्रंथाला अगदी धरून आहे.

तरी सगळे ठीक आहे असे म्हणता येत नाही. १९६० च्या कायद्याने समितीचा आदेश मोडणाऱ्याला ठरवलेला दंड होता जास्तीत जास्त २०० रुपये. देशातील काही लसनिर्मिती केंद्रांच्या पाहणीत अशक्त, जखमी, उपचाराविना ठेवलेले घोडे आढळल्याचे अहवाल आले आहेत. आपला जीव वाचतो म्हणून घोड्याच्या तबेल्यात काय चालते ते विचारायचे नाही, ही ख्रिस्ती वृत्ती नव्हे. बदल होणे शक्यही आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह प्रयोगशाळेत मानवी प्रतिद्रव्य बनवले असून ते नाग व मण्यार यांच्या विषातील एका घातक घटकावर चालते. ते संशोधन २०२४ साली प्रसिद्ध झाले. त्याची तपासणीही उंदरांवरच झाली आहे आणि रुग्णालयात येईपर्यंत वेळ लागेल, पण घोड्याची सुटका होण्याची वाट तेथून जाते.

तोपर्यंत आपल्या हातात काय आहे? त्या मुलीला मी हेच सांगेन की औषध घ्यावे, निःशंक मनाने घ्यावे आणि वेळेवर घ्यावे. साप चावल्यावर आधी भगताकडे, मग झाडपाला, मग गाडीची शोधाशोध, असे करत रात्र जाते. भगत आपलाच माणूस असतो, त्याचा अपमान करू नये. पण त्याच्याकडून विष उतरत नाही. मण्यारीच्या विषाने नसांचे नुकसान एकदा झाले की मग कितीही कुप्या दिल्या तरी ते मागे फिरत नाही. एका रुग्णाला सुरुवातीलाच साधारण दहा कुप्या लागतात. उशिरा आलेल्या माणसाच्या अंगात त्या दहाही जातात, आणि कधीकधी घरी प्रेत येते. माणूसही गेला आणि घोड्याने सोसलेलेही वाया गेले.

याच्या उलटही घडते. बिनविषारी साप चावलेला असतो, किंवा विष अंगात उतरलेले नसते. डॉक्टर काचेच्या नळीत रक्त ठेवून वीस मिनिटांनी ते गोठते का पाहतात, लक्षणांवर नजर ठेवतात. नातेवाईक मात्र "लस द्याच" म्हणून आवाज चढवतात. अशा वेळी डॉक्टरांना थांबू द्यावे. ती कुपी दुसऱ्या कोणाला तरी लागणार आहे.

सरकारी रुग्णालयात ही लस विनामूल्य मिळते. चावलेला भाग हलवू नये, घट्ट दोरी बांधू नये, चिरू नये, चोखू नये. रुग्णाला धीर द्यावा, चालवू नये आणि थेट डहाणूला उपजिल्हा रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८.