धावपट्टीवर शर्यती कशा आल्या?

प्रश्न : परदेशातले मोटारशर्यतींचे काही नामांकित ट्रॅक मुळात युद्धातले विमानतळ होते, असं वाचलं. हे कसं घडलं? आपल्याकडे असं कुठे झालं का? नगरला वाहनं तपासायचा ट्रॅक आहे, मग तिथे शर्यती का होत नाहीत?
– एक वाचक, राहुरी

उत्तर : आपल्याकडेही झालं, अगदी मुंबईतसुद्धा. पण सुरुवात इंग्लंडपासून करायला हवी.

दुसऱ्या महायुद्धात तिथे शेतजमिनी घेऊन शेकडो विमानतळ बांधले गेले. एकमेकींना छेदणाऱ्या तीन धावपट्ट्या, म्हणजे वारा कुठूनही वाहो, विमानाला त्याच्या तोंडावर उतरता यावं. आणि भोवतीनं विमानं फिरवायचा रुंद रस्ता. युद्ध संपलं आणि यातले बरेच ओस पडले. त्याच वेळी शर्यतवाल्यांना जागा मिळत नव्हती. इंग्लंडमध्ये सार्वजनिक रस्ते अडवून शर्यत लावायला कायद्याची परवानगी नव्हती, आणि ब्रुकलँड्सचा जुना ट्रॅक युद्धकाळात विमानकारखान्याच्या कामी गेला होता.

यातलाच एक सिल्व्हरस्टोनचा. हा तळ १९४३ साली सुरू झाला. वेलिंग्टन बॉम्बफेकी विमानांचे चालक तिथे तयार होत. २ ऑक्टोबर १९४८ रोजी तिथे ग्रां प्री झाली. त्या वर्षीचा मार्ग धावपट्ट्यांवरूनही जात होता, त्यामुळे मधल्या भागात गाड्या समोरासमोर सुसाट येत आणि ऐनवेळी वळत. हे धोक्याचं होतं. पुढच्या वर्षी शर्यत भोवतालच्या रस्त्यावर नेली, आणि माझ्या मते सिल्व्हरस्टोनचा स्वभाव तिथेच ठरला: मोठी, मोकळी, वेग फारसा न तोडता घ्यायची वळणं. १३ मे १९५० रोजी जागतिक अजिंक्यपद मालिकेतली पहिली शर्यत इथेच झाली. अल्फा रोमिओ चालवणारा ज्युसेप्पे फारिना जिंकला. अमेरिकेत फ्लॉरिडातल्या सेब्रिंगची कथाही अशीच. युद्धात तिथे बी-१७ विमानांचं प्रशिक्षण चाले; १९५२ पासून तिथे १२ तासांची शर्यत होते. जुन्या काँक्रीटचे सांधे गाडीला आणि चालकाला आजही हादरवून सोडतात.

आता आपल्याकडे. १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन ज्या जुहूला उतरले, तिथली मोठी विमानवाहतूक युद्धानंतर सांताक्रूझला गेली, आणि मोकळ्या झालेल्या धावपट्टीवर मोटारी पळू लागल्या. खरा बहर मात्र मद्रासजवळच्या शोलावरमला आला. तीही युद्धकाळातलीच धावपट्टी. १९५३ साली मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला आणि पुढची कित्येक दशकं शोलावरम हे भारतीय शर्यतींचं माहेरघर राहिलं. देशभरातले चालक आपापल्या हातांनी जुळवलेल्या गाड्या घेऊन तिथे जात. परदेशातल्या कारखान्यांच्या पाठबळाशिवाय, सुट्या भागांच्या टंचाईत उभी राहिलेली ही परंपरा आहे; तिची आठवण ठेवायलाच हवी. पण धावपट्टी क्लबच्या मालकीची नव्हती. म्हणून क्लबनं श्रीपेरुम्बुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला स्वतःची जमीन घेऊन ट्रॅक बांधला, आणि नव्वदच्या सुमारास शर्यती तिकडे गेल्या.

नगरच्या व्हीआरडीईचं म्हणाल, तर ती संरक्षण संशोधनाची संस्था. तिच्या ट्रॅकवर लष्करी आणि नागरी वाहनांच्या चाचण्या होतात. जुहू किंवा सिल्व्हरस्टोन शर्यतवाल्यांना मिळालं ते मूळ काम थांबलं किंवा ओसरलं म्हणून. नगरचा ट्रॅक अजून त्याच्या मूळ कामात आहे.