काष्ठमंडपाचा निरोप

रात्रीच्या विमानाने बँकॉकला जावयाचे होते. नेपाळातील तो माझा अखेरचा दिवस. सारे सामान पाठीवरच्या एका पिशवीत मावले होते. खरेदीचा मोह सोडून मी काष्ठमंडपाकडे वळलो. काठमांडू हे नाव याच वास्तूवरून पडले. एकाच सालवृक्षाच्या लाकडातून ती घडविली, असे लोक सांगतात. हा काही राजवाडा नव्हे. वाटसरूंच्या विसाव्याची ही धर्मशाळा! राजधानीने आपले नाव धर्मशाळेवरून घ्यावे, याचे मला फार कौतुक वाटले.

25 एप्रिल 2015 रोजी भूकंपाने ही वास्तू कोसळली. रक्तदानासाठी तेथे जमलेली काही माणसे तीत दगावली. पुढे संशोधकांनी ढिगाऱ्याखालचा पाया उकरून पाहिला. तो सातव्या शतकातला निघाला, आणि अजूनही भक्कम! नगरवासीयांनी हट्ट धरला, की वास्तू जुन्याच रीतीने लाकूड, वीट आणि माती यांनी बांधावी. 2022 सालापर्यंत ती तशीच पुन्हा उभी राहिली.

मी ओट्यावर टेकलो. शेजारी एक वृद्ध हमाल घाम पुशीत बसला होता.

“कुठे निघालात, बाबू?”

“फार दूर.”

तो किंचित सरकला आणि माझ्या पिशवीलाही त्याने जागा करून दिली.