वायर आत शिरते तेथे

मोटारीत बसविलेल्या ध्वनियंत्रणेची परीक्षा आपण बहुधा कानांनी करतो; आवाज स्वच्छ आला, खर्ज छातीत घुमला, की दुकानदाराचा हिशेब चुकता करून आपण समाधानाने घरी परततो, आणि बॅटरीपासून डिकीतील ॲम्प्लिफायरपर्यंत जी जाड तांबडी वायर गेलेली असते, ती कोणत्या वाटेने आणि कशाच्या आधाराने गेली आहे, याची विचारपूस करण्याचे आपल्या मनातही येत नाही. माझ्या अनुभवाचे सार एवढेच की, कानांचा हा कौल या बाबतीत सर्वस्वी अग्राह्य मानावा. कारण वायरीचे काम अत्यंत सदोष असूनही संगीत महिनोन्महिने निर्दोष ऐकू येऊ शकते, आणि दोष जेव्हा प्रकट होतो तेव्हा कोणतीही पूर्वसूचना न देता एकदम धुराच्या रूपानेच प्रकट होतो.

ज्या गाडीविषयी मी सांगत आहे ती पहिल्या मालकाने हौसेने सजविलेली, आणि माझ्याकडे आली तेव्हा ॲम्प्लिफायर व वूफर यांसह आलेली अशी होती. आषाढातील एका दुपारी पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकीचा घाट ओलांडून आम्ही सुरूर फाट्याच्या सुमारास पोहोचलो, तोच जळक्या प्लास्टिकचा उग्र दर्प आला. घाटात ट्रकांचे क्लच जळतात, तसलाच तो असावा असे प्रथम वाटले; परंतु डॅशबोर्डच्या डाव्या खणाखालून धुराची रेघ वर येऊ लागली, तेव्हा गाडी कडेला घेऊन मी चावी फिरविली. इंजिन थांबले, गाणे थांबले, धूर मात्र थांबेना. ॲम्प्लिफायरची वायर थेट बॅटरीच्या धन टोकावरून निघत असल्यामुळे तिच्यावर चावीचा काही अंमल चालत नाही, हे ज्ञान मला त्या क्षणी झाले. मागून आलेला एक ट्रकचालक आपल्या हत्यारांतला दहा नंबरचा पाना घेऊन धावत आला आणि म्हणाला, “साहेब, आधी मायनस काढायचा. प्लसला हात लावू नका.” ऋण टोकावरील नट त्याने सैल केला, क्लॅम्प उचलून बाजूला केला, आणि मिनिटाभरात धूर विरला.

भुईंजच्या एका गॅरेजात कारागिराने पायाखालचा गालिचा उचलून दाखविले तेव्हा सर्व उलगडा झाला. इंजिनाचा कप्पा आणि बसण्याची जागा यांच्यामध्ये जो पोलादी पत्रा असतो, त्या फायरवॉलला कोणीतरी ड्रिलने भोक पाडून, त्याच्या कडा न घासता, रबराचा एक वेढाही न घालता वायर तशीच आत ओढली होती. इंजिनाच्या कंपनाने आणि रस्त्याच्या धक्क्यांनी ती त्या धारदार कडेवर दिवसरात्र घासली जाऊन तिचे आवरण कापले गेले होते आणि तांब्याच्या तारा पत्र्याला टेकल्या होत्या. “मग फ्यूज कसा उडाला नाही?” असे मी विचारता तो म्हणाला, “फ्यूज आहे की साहेब, पण डिकीत. जळलं इथं, तो बसलाय तिथं.”

त्या एका वाक्यात या प्रकरणाचे सारे शास्त्र आले आहे. गाडीचा सबंध सांगाडा बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेला असतो. त्यामुळे धन टोकाकडून आलेली उघडी तार जेथे पत्र्याला टेकते तेथेच मंडल पूर्ण होते, आणि प्रवाह पुढे डिकीपर्यंत जातच नाही. बारा व्होल्ट हा आकडा निरुपद्रवी भासतो, त्याने माणसाला झटका बसत नाही. परंतु बॅटरीचा अंतर्गत रोध इतका अल्प असतो की, शॉर्ट झाल्यास ती शेकडो अँपिअर ओतू शकते. त्यातच उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सुमारे ८ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीतून ४० अँपिअर वाहत असता दर मीटरला जेमतेम ३.३ वॅट उष्णता निर्माण होते, ती हवेत सहज विरून जाते. तोच प्रवाह दसपट होऊन ४०० अँपिअर झाला की उष्णता शंभरपट, म्हणजे मीटरला ३३० वॅट होते, आणि मग आवरणाचे पीव्हीसी वितळून शेजारच्या वायरींसह पेटण्यास फारसा अवधी लागत नाही.

यावरून पहिला नियम निघतो तो असा की, फ्यूज बॅटरीच्या निकट असावा. वायरीच्या मार्गाने मोजून ४५ सेंटिमीटरच्या आत तो बसवावा असा या व्यवसायातला संकेत आहे, आणि त्याहूनही जवळ बसविता आला तर उत्तमच. कारण बॅटरी व फ्यूज यांच्यामधला तुकडा सर्वस्वी बेवारस असतो. ॲम्प्लिफायरवर त्याचा स्वतःचा फ्यूज असतोच, मग दुसरा कशाला, अशी हरकत दुकानात हमखास घेतली जाते. तिचे उत्तर असे की, तो फ्यूज यंत्राच्या रक्षणार्थ आहे. बॅटरीजवळचा फ्यूज वायरीच्या रक्षणार्थ आहे, आणि म्हणून त्याचा आकडा वायरीच्या वहनक्षमतेहून अधिक असता कामा नये. तो वारंवार उडू लागला तर मोठा फ्यूज घालण्याची तजवीज करणे म्हणजे तक्रार करणाऱ्याचेच तोंड बंद करणे होय.

दुसरी गोष्ट भोकाची. बहुतेक गाड्यांत मूळच्या वायरींसाठी फायरवॉलमध्ये रबरी ग्रोमेट बसविलेली छिद्रे असतात, आणि त्यांपैकी एखाद्यात पुरेशी जागा सापडली तर नवे भोक पाडण्याचा प्रसंगच येत नाही. मात्र तेथेही मूळच्या वायरींच्या जुडग्याला छेद जाणार नाही, याची काळजी घ्यावी. नवे भोक अपरिहार्यच असेल तर पत्र्याच्या दोन्ही बाजू प्रत्यक्ष पाहिल्यावाचून ड्रिल चालवू नये; कारण पलीकडे ब्रेकचा बूस्टर, एसीचे नळ, वायरींचा मुख्य गठ्ठा किंवा इंजिनाचा संगणक यांपैकी काहीही असू शकते. पिवळ्या आवरणातील वायरी बहुधा एअरबॅगच्या असतात. त्यांच्या वाटेला कदापि जाऊ नये. भोक पडल्यावर गोल कानशीने कडा घासून गुळगुळीत कराव्यात, उघड्या पोलादाला प्रायमर व रंग लावावा, म्हणजे पावसाळ्यात गंज धरणार नाही, आणि मगच भोकाच्या व वायरीच्या मापाचे ग्रोमेट बसवून वायर ओवावी. ग्रोमेटभोवती सीलंट लावले म्हणजे पाणी आणि इंजिनाचा धूरही आत येत नाही; पण रबराच्या जागी निव्वळ सीलंट किंवा चिकटपट्टी गुंडाळणे हा कामचुकारपणा आहे, हे ध्यानात असू द्यावे.

इंजिनाच्या कप्प्यात वायरीवर नालीदार पाईप चढवावा आणि ती एक्झॉस्ट, पंख्याचा पट्टा व स्टिअरिंगचा दांडा यांपासून दूर, ठिकठिकाणी बांधून न्यावी. आत आल्यावर ती पेडलांच्या हालचालीत येता कामा नये. ध्वनिसंकेतांच्या आरसीए वायरी शक्यतो गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्याव्यात, म्हणजे इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी ती किरकिरी शीळ स्पीकरांत येण्याची शक्यता कमी होते. ॲम्प्लिफायरची अर्थची वायर धन वायरीइतकीच जाड आणि होईल तितकी आखूड असावी, व तिचे टोक रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर घट्ट आवळावे. सीटबेल्टच्या बोल्टचा आश्रय मात्र घेऊ नये. खरेदीच्या वेळी वायरीचे टोक चाकूने खरवडून पाहावे. आतून पांढरा धातू निघाला तर ते तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम समजावे; त्याची वाहकता तांब्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असते, म्हणून तितक्याच प्रवाहासाठी अधिक जाड वायर घ्यावी लागते.

काम आरंभण्यापूर्वी प्रथम ऋण टोक सोडवावे, आणि जोडताना ते सर्वांत शेवटी जोडावे. ऋण टोक जोडलेले असताना धन टोकावरील पाना पत्र्याला लागला तर जागच्या जागी शॉर्ट होतो. ऋण टोकावरील पाना लागला तर काहीच होत नाही. ट्रकचालकाच्या त्या सूचनेतले मर्म हेच होते. दहा नंबरचा पाना तेव्हापासून माझ्या गाडीच्या खणात असतो. तथापि बॉनेटच्या फटीतून ज्वाळा दिसत असतील तर बॉनेट उघडू नये, कारण उघडताच आगीला वारा मिळतो. सर्वांना उतरवून दूर न्यावे आणि अग्निशमन दलाला बोलवावे.

सारांश, दुकानातून गाडी ताब्यात घेताना गाणे लावण्यापूर्वी बॉनेट उघडावयास लावावे. बॅटरीजवळ फ्यूज आहे, पत्र्यात वायरीभोवती रबर आहे, आणि हाताने हलकेच ओढता वायर भोकात मागेपुढे सरकत नाही, या तीन गोष्टींची डोळ्यांदेखत खातरजमा करावी, व त्यांपैकी एकही उणी असेल तर पैसे राखून ठेवावेत. जुनी गाडी घेणाऱ्याने तर हीच तपासणी सौदा ठरण्यापूर्वी करावी, आणि पुढे दरवर्षी मृगाच्या आधी.