जेवणाची खोली गेली कुठे?

प्रश्न : आमच्या गावच्या जुन्या घरात ओसरी, माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली, सगळं आहे, जेवणाची खोली तेवढी नाही. मग वीस माणसं जेवायची कुठे?

उत्तर : 'पाट-पाणी घ्या' ही हाक तुमच्या आजीच्या तोंडी ऐकली असेल. जेवणाची खोली त्या हाकेसरशी तयार व्हायची. माजघरात नाहीतर स्वयंपाकघरालगतच्या सोप्यात पाट मांडले जायचे, तांब्या-भांडी यायची, सणावारी पानांभोवती रांगोळी निघायची. जेवणं उरकली की पाट भिंतीशी उभे, खरकटं काढून जमिनीवर शेणगोळा फिरायचा. घटकाभरात त्याच जागी कुणी तांदूळ निवडायला बसे, कुणी लवंडे.

यामागे जागेची काटकसर होतीच, पण सोवळ्याच्या घरांत खरकट्याचा विचार मोठा होता. शिजलेला भात सांडला की जागा खरकटी. शेणाने सारवलेली जमीन पुन्हा सारवली की चोख. कायमचं मांडलेलं टेबल तसं कसं सारवणार? शेतकऱ्याच्या घरी एवढा सोपस्कार नव्हता. चुलीपुढे बसायचं आणि तव्यावरची भाकरी थेट ताटात घ्यायची.

मुंबईत बीडीडी चाळीतल्या सुमारे १६० चौरस फुटांच्या खोलीत तर पंगत उठली की तिथेच अंथरुणं पडत. पुण्यात १९६१च्या पानशेत पुरानंतर वाड्यांच्या जागी इमारती वाढत गेल्या. फ्लॅटमध्ये उभ्याचा ओटा आला, आणि माझ्या मते जेवणाचं टेबल खरं त्यानेच घरात आणलं. स्वयंपाक करणारी उभी राहिल्यावर जमिनीवरच्या पानात वाकून-वाकून वाढणं जड जाऊ लागलं.

पंगतीची आठवण आपण फार प्रेमाने काढतो. मीही काढतो. पण त्या पंगतीत आधी पुरुष आणि मुलं बसायची. वाढणाऱ्या बायका सगळ्यात शेवटी, स्वयंपाकघरातच, उरलंसुरलं पुढ्यात घेऊन बसायच्या. वरण तोवर गार झालेलं असे. टेबलाने रांगोळी नेली, पण घरातल्या बाईला सगळ्यांबरोबर बसायला खुर्ची दिली. हा सौदा मला मान्य आहे.

त्या घरात जेवलेली आजी, आत्या, मोठी काकू कुणी असेल, तर तिला एवढं जरूर विचारा : तू कुठे बसून जेवायचीस?